पुढं आलेला हात

मार्गशीर्ष लागला की सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा माझी मान आपोआप वर होते. आमच्या वडगावच्या गच्चीवरून सांबऱ्याच्या विमानतळाकडं उतरणारी विमानं दिसतात. ती बारा महिने दिसतात, त्यांचं काही नवल नाही. पण थंडीतलं आभाळ वेगळं. धुऊन, पिळून, झटकून दोरीवर टाकल्यासारखं; सुरकुती नाही कुठं. असं आभाळ दिसलं की मनात येतं, आज वारा बरा असेल, आज पोरं उड्या मारणार. खाली गल्लीत मागांची खडखड चालू असते. शेजारीण तिच्या गच्चीवरून विचारते, आक्का, काय बघाय लागलाय? मी म्हणते, काही नाही, आभाळ. ती पण वर बघते, तिला काही दिसत नाही, ती बिचारी खाली निघून जाते.

तिला कसं दिसणार? मला तरी त्या हिवाळ्याआधी कुठं दिसत होतं.

रेणू ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली आणि मी तेव्हा माहेरीच होते, म्हणून ती माझ्या हातावर वाढली. हातावर म्हणजे खरंच हातावर. मी कांडी भरायला बसले की एक हात रहाटाला आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत. तिनं बोट सोडलं की समजायचं, झोपली. ही मुलगी मोठी होऊन विमानातून उडी मारायला शिकली, परदेशात जाऊन शिकली, आणि परत आली ती लोकांना छातीशी बांधून खाली आणायचं काम करायला. नवखा माणूस पुढं, शिकवणारा मागं, दोघं पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेले आणि दोघांत मिळून एक छत्री. त्याला तिथं टँडम म्हणतात. नवख्याला ते लोक विद्यार्थी म्हणतात, मग तो सत्तर वर्षांचा का असेना.

निपाणीच्या अलीकडं, तवंदी घाट उतरल्यावर एका माळावर कुणीतरी खासगी धावपट्टी केली होती. दिवाळी झाली की होळीपर्यंत तिथं उड्यांचा हंगाम. रेणूला तिथं काम लागलं तेव्हा आमच्या घरात मोठा खल झाला. आमच्याकडं कसं आहे बघा, मुलगी विमानातून उडी मारते ते एकवेळ चालतं, पण रात्री खोलीत एकटी झोपते ते चालत नाही. सोबत पाहिजे. सोबत म्हणून मला धाडलं. रेणूचा बाप, माझा भाऊ बंडू, साठीला आला तरी आमच्यात बंडूच, त्यानं मला एसटी स्टँडवर बाजूला घेऊन सांगितलं की आक्का, हंगाम संपेपर्यंत रहा, तिची हौस फिटू दे, आणि येताना तिला घेऊनच ये. एका शाळेत जागा होती, तिथं तिला चिकटवायचं त्यानं मनात धरलं होतं. मी म्हटलं बरं. पिशवीत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि त्याचा निरोप असं सगळं घेऊन मी निघाले.

चटणी उपयोगाला आली. निरोप मात्र पिशवीच्या तळाशी राहिला, कारण मला तिथं पोचल्या दिवसापासून प्रश्नच एवढे पडायला लागले की सांगायचं राहून जायचं.

आम्ही गौराक्काच्या घरी एक खोली घेतली होती. माळाच्या कडेला तिची तंबाखूची शेती. दाराबाहेर काढलेला तंबाखू वाळत पडलेला असायचा, आणि पहिले काही दिवस मला त्या वासानं इतक्या शिंका यायच्या की गौराक्का म्हणायची, आक्का, तुमच्या शिंकेनं विमान हलतंय बघा. उन्हं चढली की वास जड व्हायचा. संध्याकाळी वारा फिरला की पलीकडच्या गुऱ्हाळाचा गोड वास यायचा, आणि दोन्ही वास एकमेकांत मिसळून असा एक तिसराच वास तयार व्हायचा की अजून कुठं गूळ कढवताना दिसला तर मी नाकानं तंबाखू शोधते. पहाटे वेदगंगेकडून धुकं यायचं. ते उठेपर्यंत कुणी उडत नसे. सगळे जण शेकोटीभोवती, वाऱ्याच्या पिशवीकडं बघत. खांबाला बांधलेली नारिंगी कापडाची नळी, ती फुगली की वारा कळतो. ती लोंबत असली की माणसं बडबडी, ती ताठ झाली की माणसं गप्प.

छत्रीचं कापड मी हात लावून बघितलं, विचारूनच. आमचा जन्म सुतात गेला, कापड दिसलं आणि बोटं गप्प बसली असं होत नाही. इतकं पातळ की फुंकर मारली तर उडावं, आणि त्यात बारीक बारीक चौकटी. प्रत्येक चौकटीच्या कडेला धागा जाड. रेणू म्हणाली, फाटलं तर त्या चौकटीपुरतंच फाटतं, पुढं जात नाही. मी विचार करत बसले. माणसाच्या मनाला अशा चौकटी असत्या तर?

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते तिच्या डाव्या हातमोज्याचं. मोज्याच्या पाठीवर लहानसा कॅमेरा घट्ट बसवलेला. उडी मारल्यावर रेणू तो हात विद्यार्थ्याच्या तोंडासमोर लांब करायची आणि मनगट आत वळवायची. नव्या बांगड्या भरल्यावर बाई हात लांब धरून बघते ना, अगदी तसा. बाई बांगड्या बघते, हिचा हात माणूस बघत असतो. उजवा हात छत्री उघडायची दांडी ओढायला मोकळा.

संध्याकाळी जेवणं झाली की ती दिवसाभराचे व्हिडिओ चाळत बसे आणि मी तिच्या खांद्यावरून. मला वाटायचं सगळे किंचाळत असतील. कुठलं काय. वारा एवढा की किंचाळलेलं त्यांचं त्यांनाच ऐकू येत नाही. पण तोंडं काय काय होतात. गालांना लाटा येतात, ओठ वर उलटून हिरड्या दिसतात, मोठमोठे साहेब असतात त्यांचे गाल पण गरीब माणसासारखेच फडफडतात. एक निपाणीचा व्यापारी खाली इतका रुबाबात होता, वर त्याचा चेहरा आंघोळीला बसवलेल्या पोरासारखा. एक नवी नवरी पूर्ण वेळ डोळे मिटून हसत होती. डोळे मिटलेले असताना ती काय बघत असेल, हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही.

आणि मग मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक व्हिडिओत मधेच माणूस गायब. चेहरा, चेहरा, चेहरा, आणि एकदम नुसतं निळं आभाळ, क्षितिजाची वाकडी रेघ, परत चेहरा. एकदा झालं असतं तर हात हलला म्हटलं असतं. पण दर खेपेला? मी रेणूला म्हटलं, तुझा कॅमेरा मधेच माणसावरनं नजर का काढतो गं?

ती हसली. म्हणाली, "तेव्हा मी उंची बघते आत्या. मीटर त्याच मनगटावर आहे. मनगट माझ्याकडं वळलं की कॅमेरा पलीकडं जातो."

म्हणजे माणूस दिसत नाही तेव्हा ती माणसाची काळजी करत असते. मला हे इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक व्हिडिओत मी त्या निळ्या तुकड्याची वाट बघायला लागले.

दिवसा माझं काम म्हणजे पदर. उडीआधी अंगावरचं सगळं उतरवावं लागतं आणि लोक ते कुणाकडं देणार? ऑफिसात देववत नाही. म्हातारी बाई बसली आहे खुर्चीवर, तिच्याकडं द्यायचं. मंगळसूत्रं, चष्मे, जानव्याला बांधलेल्या किल्ल्या, एकीचे पाटल्यांचे जोड, एकाचा टोप, म्हणजे केसांचा. ज्याचं त्याचं निराळं गाठोडं करून मी पदरात घेऊन बसायची. वर आभाळात माणूस आणि त्याची ओळख माझ्या मांडीवर.

गौराक्काच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, मला त्यांची कवळी दिली होती.

आप्पा रोज तंबाखूच्या वाफ्यात उभं राहून ही पडणारी माणसं बघायचे. विमान वर गेलं की खुरपं खाली. एक दिवस त्यांनी घरात जाहीर केलं की मला बी जायचं. गौराक्का हबकली, तिच्या नवऱ्यानं हात जोडले, डॉक्टरांनी तपासून दाखला दिला तेव्हा दोघांचं तोंड बंद झालं. तिथले मुख्य शिकवणारे हिरेमठ सर. चिकोडीकडचे, फौजेतनं निवृत्त झालेले, मिशी पांढरी, बोलणं मोजकं, अर्धं कन्नड. त्यांनी स्वतः आप्पांना जमिनीवर शिकवलं. विमानाच्या दारात पाय आत मुडपायचे, मान मागं, पोट पुढं. आप्पांना ते काही केल्या कळेना. मग मी म्हटलं, आप्पा, तान्ह्या पोराला पालथं घातल्यावर ते कसं मान वर करून जग बघतं? तसं. लगेच जमलं. हात छातीवरच्या पट्ट्याला धरून ठेवायचे, खांद्यावर थाप पडली की पंखासारखे पसरायचे. हे पण जमलं. आप्पा रेणूच्या पुढं बांधून घेऊन विमानात चढले आणि मी त्यांची कवळी रुमालात बांधून, तोंड वर करून बसले.

विमानातून ठिपका सुटला. मग छत्री उघडली, नेहमीपेक्षा वर. मला त्यातलं तेव्हा काही कळलं नाही, पण हिरेमठ सर खुर्चीतून उठले.

दोघं व्यवस्थित उतरले. आप्पा मातीत बसून बोळक्या तोंडानं हसत होते. सगळे व्हिडिओ बघायला गोळा झाले. सुरुवातीला आप्पांचा चेहरा, बिनदातांचा, खरंच तान्ह्या पोरासारखा. थाप पडली, हात पसरले. मग रेणूचा हात पुढं आला, आणि आप्पांचे दोन्ही हात त्यावर. गच्च. कॅमेऱ्यात नुसता अंधार, तळहाताच्या रेघा, वाऱ्याचा आवाज. तो अंधार बराच वेळ. मग धक्का बसल्याचा आवाज, वारा एकदम थांबला, छत्री उघडली होती, आणि त्या अंधारातून आप्पांचा आवाज आला.

"घाबरू नगंस पोरी. मी हाय न्हवं."

सगळे पोट धरून हसले. मी पण हसले. गौराक्का तर पदर तोंडात कोंबून. हिरेमठ सर हसले नाहीत. ते रेणूकडं बघत होते आणि रेणू जमिनीकडं.

सर म्हणाले, "यात हसायचं काय आहे ते मला सांगा. मीटर कुठल्या मनगटावर? त्याच. हात धरला म्हणजे डोळे झाकले. पोरगी अंदाजानं दांडी ओढली, वर ओढली म्हणून बरं." मग त्यांनी हात पुढं केला. रेणूनं मोजा काढून त्यांच्या हातात दिला. सरांनी तो नेऊन शेडमधल्या खिळ्याला अडकवला. उड्या मारायच्या, पण कॅमेऱ्याशिवाय, असं ठरलं.

आता यात काय मोठं, असं कुणाला वाटेल. पण तिथं येणारी माणसं उडीला येतात तेवढीच व्हिडिओला येतात. गावाला दाखवायला नको? हंगाम संपला की वरची मंडळी ठरवणार होती पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं, आणि हातावर कॅमेरा नसलेल्या शिकवणारीला कुणी बोलावणार नव्हतं. मोजा खिळ्यालाच राहिला तर रेणूचं उडणं त्या हिवाळ्यापुरतं. पुढं शाळेतली जागा. बंडूनं सांगितलेलं सगळं माझ्या मदतीशिवायच होणार होतं, आणि मला मात्र जेवण जाईना.

त्या रात्री ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "आत्या, मला आप्पांचा राग नाही आला गं. त्यांनी हात धरला तेव्हा एवढं बरं वाटलं मला. सोडवून घ्यायला उशीर केला मी. तेच चुकलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. का काढला कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मी जुने व्हिडिओ परत बघायला लागले, या वेळी चेहरे सोडून हात बघितले. आणि खरंच सांगते, एकटे आप्पा नव्हते. तो व्यापारी, त्याचा उजवा हात कॅमेऱ्याकडं निघाला होता, मधेच परत गेला. नवी नवरी डोळे मिटलेली म्हणून वाचली. एक गडहिंग्लजच्या बाई, त्यांची तर बोटं येऊन चिकटली होती. रेणूनं परदेशात शिकताना काढलेले व्हिडिओ पण तिच्याकडं होते. तिकडची माणसं हातवारे करतात, जीभ दाखवतात, कॅमेऱ्याला मुके देतात, पण हात? एकानंही धरला नाही. मी विचारात पडले. का बरं? तिकडं कॅमेरा दिसतो आणि इकडं हात दिसतो, असं असेल? इथं एसटीत चढताना कुणी हात पुढं केला तर आपण बघतो का कुणाचा आहे? चिखलातनं बांधावर चढताना, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, हात आला की धरायचा. ती आपली रीत. रीत चांगलीच आहे. पण आभाळात चालत नाही, एवढंच.

आप्पा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. सुनेकडून त्यांना कळलं होतं की आपल्यामुळं पोरीचं काम अडलंय. तिसऱ्या दिवशी ऊस सोलून, त्याच्या करव्या, म्हणजे चोखायचे बारके तुकडे, करून ताटलीत घालून आमच्या खोलीच्या दारात आले. ताटली खाली ठेवली आणि नुसते उभे. म्हणाले की मला खरंच वाटलं पोरीला भ्या वाटतंय, पोरीनं हात पुढं केला, मी कसा धरणार न्हाई. रेणू उठून गेली. तिनं डावा हात पुढं केला, मोजा नसलेला. आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला आणि मग आपणहून सोडला. म्हणाले, झालं बघ आता. आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की जणू वरनं आणलेलं ओझं त्यांनी आत्ता कुठं खाली ठेवलं.

मी करवी चोखत ते "झालं बघ आता" मनात घोळवत बसले. धरून झालं की सुटतो काय हात?

दुपारी सरांना चहा दिला तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी चहा पिऊन संपवला, कप ठेवला आणि उठून शेडकडं गेले. मला वाटलं म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवरच्या शिकवणीत ते विद्यार्थ्याला बाकावर पालथं घातल्यावर त्याच्यासमोर स्वतःचा डावा हात धरून उभे. म्हणाले, हा हात वर आभाळात तुमच्यासमोर येणार. आता धरा. विद्यार्थी गोंधळला. धरा हो, सर म्हणाले, काय पाहिजे तेवढा वेळ धरा. धरला. सोडा. आता परत येईल, आता नाही धरायचा. परत आला, परत नाही धरला. असं चार-सहा वेळा. आप्पांचंच होतं ते, सरांनी त्याला कवायतीचे कपडे घातले होते.

मग सर स्वतः विद्यार्थी झाले. रेणूच्या पुढं बांधून घेतलं, तिच्या हाताला मोजा, आणि वर जाऊन मुद्दाम तिचा हात धरायला बघितला, पुन्हा पुन्हा. तिनं दर वेळी काढून घेतला, मीटर बघितलं, वेळेवर दांडी ओढली. खाली आल्यावर सर म्हणाले, माझा हात सोडवशील तू. मी कोण तुझा? मग त्यांनी सावकाश माझ्याकडं बघितलं.

"आक्का, तुम्ही जाता काय? तुम्ही नाही धरला तर या मुलखात कुणी धरणार नाही."

माझ्या पदरात तेव्हा कुणाचा तरी चष्मा आणि दोन मंगळसूत्रं होती. मी ती गौराक्काच्या ओटीत दिली. तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा तुमचं बरं आहे. रेणूला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आत्या, तू नको. तिला कशाची भीती होती ते मला कळत होतं. मी हात धरला तर तिला सोडवता येईल का, याची. तीच भीती मला होती. म्हणून तर जायला पाहिजे होतं.

लोक विचारतात, पडल्यासारखं वाटतं का? नाही हो. विहिरीत पडल्यासारखं काहीसुद्धा नाही. वाऱ्याच्या गादीवर पालथं निजल्यासारखं, पण गादी ओरडते. दाराशी देवीचं नाव अर्धंच आलं तोंडात, ते खरं. मग थंडी. मग आवाज. मग खांद्यावर थाप. मी हात पसरले.

आणि समोर हात आला.

मोजा घातलेला, कॅमेरा बांधलेला, पण मला तो मोजा दिसलाच नाही. ज्या मुठीत माझं बोट असायचं ती मूठ मला दिसली. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, माझा उजवा हात निघतो. कोपर वाकतं. बोटं उघडतात. तिथं मी किती वेळ होते कुणास ठाऊक, व्हिडिओत तर पापणी लवेपर्यंतच आहे ते. जमिनीवर मी तो हात इतक्या वेळा धरला होता, सरांनी दमेपर्यंत धरायला लावला होता. झालं बघ आता, मी स्वतःला म्हटलं. आणि बोटं तशीच उघडी ठेवून हात परत वाऱ्यावर सोडून दिला.

मग छत्री उघडली आणि सगळं इतकं शांत झालं की खाली कुठंतरी कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. खाली वेदगंगा, गुऱ्हाळावर जळणाऱ्या चिपाडाच्या धुराच्या रेघा, गौराक्काचं खळं, तंबाखूचे तपकिरी पट्टे अगदी मागावर ताणलेल्या पट्टीसारखे. आमच्या गावाकडचा काकतीचा डोंगर दिसतो का बघितलं, एवढ्या लांबचा कुठला दिसायला. रेणू कानाशी म्हणाली, "धरला नाहीस." मी विचारलं, आता धरू काय? म्हणाली, अजून नाही, पाय वर घे आधी.

खाली उतरल्यावर धरला. ते कुणी व्हिडिओत घेतलं नाही, बरं झालं. मोजा मात्र त्या दिवसापासून परत खिळ्याला गेला नाही.

हंगाम संपून घरी आलो तेव्हा बंडू दारातच होता. त्यानं रेणूकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं, म्हणजे निरोपाचं काय झालं असं. मी म्हटलं आधी जेवू दे. जेवणानंतर माग बंद करून त्याला समोर बसवला आणि माझा व्हिडिओ लावला. बहीण आभाळात बघून तो आधी रागावला, मग माझे गाल बघून हसायला लागला, हसता हसता डोळे पुसले. मग तो निळा तुकडा आला. मी गायब. नुसतं आभाळ.

"हे काय? इथं तू कुठं गेलीस? कॅमेरा हलला काय?"

मी म्हटलं, "हलला नाही. तेव्हा ती उंची बघतेय. मला सांभाळतेय."

त्यानं छत्री उघडेपर्यंत बघितलं, उतरेपर्यंत बघितलं. मग म्हणाला, परत लाव. मी सुरुवातीपासून लावायला लागले तसा त्यानं माझा हात थांबवला आणि स्वतःच बोटानं मागं नेत नेत बरोबर त्या निळ्यावर आणून ठेवलं. तिथंच. ज्यात मी नव्हते, रेणू नव्हती, कुणीच नव्हतं, तिथं तो बराच वेळ बघत बसला.

त्याला तीन हिवाळे झाले. यंदाही रेणू निपाणीला आहे, या खेपेला सोबतीशिवाय. काल बंडूनंच तिला स्टँडवर सोडलं, मी पण बरोबर गेले होते. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, धरतो आता हा. त्यानं स्वतःचा हात खिशात घातला आणि गाडी वळेपर्यंत मान वर करून तिच्याकडं बघत उभा राहिला, पालथ्या पोरासारखा.